त्रिकोणाखालचं नाव

"सावली बघा, ताई. सावली पडली तुमची."

आंबीमामा ओल्या चिखलात पालथे पडले होते आणि मान न वळवताच मला सांगत होते. मी मागे सरले, पण तोवर उशीर झाला होता. समोरच्या वीतभर जागेतले आठ-दहा किडे टुणकन उडाले आणि हातभर पलीकडे जाऊन बसले. मामांनी हातातली चहाची गाळणी चिखलावर टेकवली, कोपरावर उठले आणि हसले.

"पाच वर्सं झाली, अजून सूर्याकडं तोंड करून हुबं ऱ्हायला येत न्हाई तुम्हाला. ह्यो किडा माणसाला भीत न्हाई. सावलीला भितो."

"मी लेबलं लिहिणारी, मामा. धरणारे तुम्ही."

"ते बी खरंच म्हणा."

चौऱ्याऐंशी सालचा माघ महिना होता. कृष्णेचं पाणी उतरलं होतं आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, कडेनं हातभर रुंदीचा काळा चिखल उघडा पडला होता. पाण्यात नाही आणि कोरड्यातही नाही, नेमक्या त्या पट्ट्यात हे किडे राहतात. तांदळाच्या दाण्याहून लहान, काळपट अंग, पाठीवर पांढरे ठिपके, आणि डोळे एवढे मोठे की डोकं नुसतं डोळ्यांचंच वाटावं. जात ढेकणाची, पण काम शिकाऱ्याचं. चिखलात सोंड खुपसून बारक्या अळ्या ओढून काढतात. शास्त्रात ह्या कुळीला साल्डुला म्हणतात. आमच्या गावात त्यांना नावच नव्हतं, कारण त्यांच्याकडे कोणी कधी बघितलंच नव्हतं. आंबीमामा त्यांना काठकरी म्हणायचे.

भाऊसो आंबी आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई. बाप आणि आजा नावाडी होते. नदीवर पूल झाला, नाव गेली, आणि हे शिपाई झाले. बेडकांचे ट्रे धुणं, बरण्या पुसणं, अकरा वाजता आणि तीन वाजता चहा देणं ही त्यांची नोकरी. काठकरी धरणं हा त्यांचा रविवार. जाळ्यानं हा किडा सापडत नाही, आधीच उडतो. मामांनी युक्ती काढली होती. पालथं पडायचं, सावली मागे टाकायची, आणि गाळणी वरून अलगद खाली आणायची. किडा उडतो तो सरळ वर, म्हणजे गाळणीतच. मग खालून पोस्टकार्ड सरकवायचं. ती गाळणी परत चहाला वापरत नाही असं ते शपथेवर सांगायचे. मी विश्वास ठेवून चहा प्यायची.

मी त्या वेळी पीएच.डी. करत होते. विभागप्रमुख डॉ. सदलगे माझे मार्गदर्शक. माझं अक्षर मोहरीएवढं बारीक आणि स्वच्छ यायचं, म्हणून विभागातली सगळी लेबलं माझ्याकडे. दर सोमवारी सकाळी मामा डब्या घेऊन यायचे, किडा कुठला आणि कुठल्या दिवशीचा ते तोंडानं सांगायचे, आणि मी लिहायची. सगळं इंग्रजीत: वर गावाचं नाव, मग तारीख, मग खाली 'भा. आंबी'. मामांचं शिक्षण सातवी. त्यांच्या हाताला काठकऱ्याचं पाऊल न मोडता ते डिंकानं चिकटवणं जमायचं, पण पेन धरलं की बोटं थरथरायची.

"गुरुवारी मुलाखत," मामा म्हणाले. "चार दिस राह्यलं."

"तुमच्यासारखा संग्रह कुणाकडे आहे? दोन पेट्या, एकशे चाळीस टाचण्या."

"एकशे त्रेचाळीस." त्यांनी गाळणी पाण्यात खळबळून धुतली. "ताई, मला पगाराचं काय न्हाई बघा. हाय त्यात भागतंय. मला टेबल पायजे. खुर्ची पायजे. आपल्या टेबलावर आपली पेटी उघडून बसायचं. मग दुसऱ्या कुणीतरी चहा आणावा. एकदा तरी."

विभागात संग्रहपालाची जागा निघाली होती. कॉलेजातल्याच माणसाला घ्यायचं असेल तर शिक्षणाची अट सैल होती, पण बदल्यात एक गोष्ट हवी होती: स्वतः गोळा केलेला, नीट लेबल लावलेला, स्वतःच्या नावाचा संग्रह. वयाची अट पंचेचाळीस. मामांना श्रावणात पंचेचाळीस पुरी होणार होती. ही गाडी चुकली की दुसरी नव्हती.

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक डबी काढून माझ्यासमोर धरली. आत टाचणीवर एक काठकरी होता. बाकीच्यांसारखाच, पण पाठीवर ठिपक्यांऐवजी दोन आडवे पांढरे पट्टे.

"ह्यो न्यारा हाय. वळणावरच्या डोहाजवळच घावतो, दुसरीकडं न्हाई. आन ह्यो उडत न्हाई, पळतो. आता दहा झालं माझ्याकडं. ह्याला जरा खास तुकडा लावलाय. उलटा करून बघा."

बारका किडा टाचणीनं टोचता येत नाही. जाड कागदाचा नखाएवढा त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला किडा चिकटवायचा, आणि टाचणी त्रिकोणात खुपसायची. हे त्रिकोण मामा लग्नपत्रिकांचे कापायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीचं, शालनचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आल्या, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी वारली. तारीख पुढे गेली, पत्रिका पुन्हा छापल्या, आणि जुन्या तारखेचा गठ्ठा घरात पडून राहिला. मामांनी तो किड्यांना लावला. कोऱ्या बाजूला किडा, छापील बाजू खाली. त्या लग्नात मी जेवले होते. मांडवात मामांनी मला स्वतःच्या हातानं बुंदी वाढली होती.

मी टाचणी उलटी केली. त्रिकोणाच्या खाली बारीक लाल टाइपात स्पष्ट दिसत होतं: शालन.

"दहाच्या दहांना तिचंच नाव लावलंय," मामा म्हणाले. "खालच्या बारीक वळीतलं. चांगल्या किड्याला चांगला तुकडा."

"आणि हा नवीन निघाला तर त्याचं नाव काय ठेवायचं?"

"ते सर ठेवतील की. आपुन फक्त धरायचं." मग म्हणाले, "पर ठेवलंच तर शालनचं ठेवावं. सासरी लई गप झालीय ती."

सोमवारी सदलगे सरांनी मला खोलीत बोलावलं. सर दिसायला देवमाणूस. कपाळाला गंध, आवाज कधी चढवायचे नाहीत, सगळ्यांना अहो-जाहो. त्यांच्या टेबलावर माझा प्रबंध होता. पाच वर्षांचं माझं काम, तीनशे बारा पानं. पहिल्या पानावर त्यांची सही हवी होती आणि महिनाअखेरीला तो विद्यापीठात पोहोचायला हवा होता. पोहोचला तरच जूनमध्ये निघणाऱ्या अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मला अर्ज करता येणार होता.

"बसा, शैलजाबाई. वाचला मी. उत्तम झालाय."

"सही, सर?"

"करू की. घाई काय आहे?" त्यांनी प्रबंध बाजूला सरकवला. "एक अडचण आलीय. माझा आंबोलीच्या ओढ्यांचा प्रकल्प तुम्हाला माहितीय. तीन वर्षं झाली. दिल्लीला अहवाल द्यायचाय, नमुन्यांसकट. आणि पुण्याच्या ओगलेबाई गुरुवारी मुलाखतीला येतायत, त्याच नमुने बघून शेरा देणार आहेत."

मला माहिती होतं की सर तीन वर्षांत आंबोलीला दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा सहकुटुंब.

"नमुने कुठायत, सर?"

"आहेत ना. आंबीच्या पेट्यांत."

मी प्रबंधाकडे बघितलं.

"हे बघा, आंबी कष्टाळू माणूस आहे, मला मान्य आहे. पण किडा धरणं म्हणजे शास्त्र नव्हे. त्या पट्टेवाल्या किड्याचं वर्णन तो छापणार आहे का? त्याच्याकडे राहिला तर तो पेटीतच कुजणार. माझ्या नावावर गेला तर जगाला कळेल. आणि लेबलं तुमच्याच हातची आहेत. तुम्ही पुन्हा लिहिलीत तर अक्षर तेच राहील. कोणाला काही वाटायचं नाही."

"आणि मामांची मुलाखत?"

"त्याला पुढच्या वेळी बघू. मी आहे ना."

"पुढच्या वेळी त्यांचं वय निघून गेलेलं असेल, सर."

सरांनी माझा प्रबंध उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. किल्ली फिरवली नाही, नुसता ठेवला. "तुमचंही वय वाढतंय, शैलजाबाई. विचार करून सांगा. उद्या सकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

आता कारणं सांगायला बसले तर भरपूर सापडतील. वडील अर्धांगानं पडलेले होते, माझं अठ्ठाविसावं सरलं होतं, बघायला आलेली दोन स्थळं 'अजून शिकतेच आहे का' म्हणून परत गेली होती. हे सगळं खरं होतं. पण त्याबाहेर आणखी एक खरं होतं, आणि ते मी इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. मला राग आला होता. मी पाच वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे फोडले आणि नवीन किडा सापडला शिपायाला, चहाच्या गाळणीत. सर बोलत होते तेव्हा माझ्या आत कुणीतरी मान डोलवत होतं.

मी सकाळपर्यंत थांबले नाही. संध्याकाळीच पेट्या मागून घेतल्या.

मंगळवार आणि बुधवार मी लिहीत होते. टाचणीवरून जुनं लेबल खाली ओढून काढायचं, नवीन खुपसायचं. आंबोली, ओढ्याचा काठ. तारीख सरांनी दिलेल्या यादीतली. खाली 'वि. सदलगे'. आमच्या धंद्यात एक रीत आहे, लेबल कितीही फाटो, मळो, जुनं लेबल टाकायचं नाही, नव्याच्या खाली तेही त्याच टाचणीला ठेवायचं. लेबल नसेल तर किडा म्हणजे केर. ही रीत मीच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. एकशे त्रेचाळीस जुनी लेबलं मी काचेच्या बशीत जमवली आणि बर्नरवर धरली. कागद बारीक होते. लगेच जळले.

त्रिकोण मात्र बदलता आले नाहीत. बदलायचे म्हणजे किडा सोडवायचा, आणि सोडवताना पाय मोडतात. पाय मोडलेला किडा ओगलेबाईंना काय दाखवणार? सरांना विचारलं तर म्हणाले, "टाचणी उलटी कोण करून बघतंय?"

बुधवारी तीन वाजता मामा चहा घेऊन आले. मी पेटीवर टिपकागद टाकला.

"काय लपवताय, ताई?" ते हसले. "उद्यासाठी माझ्याच पेट्या नीट करताय न्हवं? सरांनी सांगितलं मला. ताई लेबलं नवी करून द्यायल्यात म्हणाले. लई उपकार झाले बघा."

मी चहा घेतला.

"उद्या काय घालू? लग्नातला कोट हाय. पर त्यो शालनच्या लग्नातला. जरा ज्यादा हुईल काय?"

"घाला, मामा. चांगला दिसेल."

"मालकिणीनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची पोळी दिलीया." त्यांनी फडक्यातली पुरचुंडी टेबलावर ठेवली. "ताईंनी पाच वर्सं लिव्हलं म्हणून माझं नाव झालं, असं म्हणाली ती. तोंड गोड करा म्हणाली."

ती पोळी मी खाल्ली. टाकून दिली असती तर निदान आज सांगायला काहीतरी राहिलं असतं. पण मी ती सगळी खाल्ली आणि मग उरलेली अठरा लेबलं लिहून काढली.

गुरुवारी मुलाखत संग्रहाच्याच खोलीत ठेवली होती. एका बाजूला प्राचार्य, मध्ये ओगलेबाई, शेजारी सदलगे सर. मला कागद पुढे करायला बसवलं होतं. ओगलेबाई साठीच्या, पांढरी सुती साडी, बोलायला तोडून. ढेकणांच्या जातीवर देशात त्यांचा शब्द शेवटचा समजत. मामा कोट घालून आले. बाही तोकडी झाली होती. खुर्चीवर बसा म्हटलं तर टोकावर बसले.

"तुमचा संग्रह?" ओगलेबाईंनी विचारलं.

मामांनी टेबलावरच्या पेट्यांकडे बोट दाखवलं. "ह्याच की, बाई."

सर लगेच म्हणाले, "हे आंबोलीचे नमुने आहेत, मॅडम. प्रकल्पाचे. आंबी पेट्या स्वच्छ ठेवतो, त्याच्या मनात तसं येणं साहजिक आहे."

मामा उठले. दोन पावलं पुढे आले आणि पेटीवर वाकले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव कसं दिसतं ते पाच वर्षांत पाठ झालं होतं. एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर त्यांची नजर जात राहिली. मी कागदांकडे बघत होते.

"माझं नाव न्हाई ह्यात," ते म्हणाले.

"नाही," ओगलेबाई म्हणाल्या. "लेबलावर सदलग्यांचं नाव आहे. आंबोली लिहिलंय."

"आंबोली म्या बगितली बी न्हाई, बाई. ही मळी हाय. हितली. आपल्या नदीची." त्यांचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "ह्यो पट्ट्याचा किडा बगा. टाचणी उलटी करा. खाली माझ्या लेकीची पत्रिका हाय. शालन म्हणून लिव्हलंय. दहाच्या दहांना."

ओगलेबाईंनी सरांकडे बघितलं, मग टाचणी उचलली, चिमट्यात धरून उलटी केली आणि भिंगाखाली नेली. बराच वेळ बघत होत्या. दुसरी उचलली. तिसरी उचलली.

"शालन," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

सर हसले. "लग्नपत्रिकांची रद्दी आहे ती, मॅडम. आंबीनं लॅबला दिलेली. आम्ही सगळेच वापरतो. शैलजाबाईंना विचारा, त्यांनीच चिकटवलेत."

ओगलेबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे घारे होते, आणि मला वाटतं त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं. त्यांना फक्त तोंडानं सांगणारा एक माणूस हवा होता.

"बाळ, लेबलं तुझ्या हातची आहेत. तू सांगशील ते मी लिहीन. हे किडे कोणी धरले? कोणी चिकटवले?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हतीच. सुटका होती. आता ताई बोलणार, झालं काम, असा तो चेहरा होता.

"पत्रिका आंबींच्याच आहेत, मॅडम," मी म्हणाले. "पण लॅबमध्ये सगळ्यांसाठी ठेवल्या होत्या. किडे सरांनी आंबोलीहून आणले. चिकटवले मी."

"नक्की?"

"हो."

ओगलेबाईंनी टाचणी सुलटी करून पेटीत खोचली. मग कागदावर काहीतरी लिहिलं. मामांच्या कोटाची बटणं लावलेली होती, ती त्यांनी पुन्हा चाचपली आणि बाहेर गेले. अकरा वाजले होते. पाच मिनिटांनी ते ट्रेमध्ये चार चहा घेऊन आत आले, कारण अकराला चहा द्यायचा असायचा. कोट काढून ठेवलेला होता. पहिला कप ओगलेबाईंना दिला, शेवटचा मला.

"घ्या, मॅडम," म्हणाले.

पाच वर्षांत ते मला ताई सोडून दुसरं काही म्हणाले नव्हते. पुढे चौदा वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, मॅडमच म्हणाले. कधी उलट बोलले नाहीत, कधी चहा थंड दिला नाही. एकदाच, त्या गुरुवारी संध्याकाळी, मी जिन्यात गाठून "मामा, माझं ऐका" असं काहीतरी म्हणायला लागले, तेव्हा ते थांबले.

"किडं नेलं त्याचं काय न्हाई. नदीत लई हाईत," ते म्हणाले. "पर तुम्ही शालनच्या लग्नात जेवला हुता."

एवढंच बोलले आणि बरण्या पुसायला निघून गेले. रविवारी नदीवर ते पुन्हा कधी दिसले नाहीत. गाळणी मी विभागाच्या मोरीत खिळ्याला टांगलेली बघितली. पुढे ती चहाला लागली.

सरांनी शनिवारी सही केली. जूनमध्ये मी अधिव्याख्याता झाले. संग्रहपालाची जागा कुणालाच दिली नाही; दोन वर्षांनी रद्द झाली आणि काम माझ्याकडे आलं. त्या खोलीतलं टेबल आणि खुर्ची तीस वर्षं मी वापरली. पट्टेवाला किडा शास्त्राला नवाच निघाला. सरांनी त्याचं वर्णन छापलं. एक नमुना कलकत्त्याच्या सरकारी संग्रहालयाला गेला, नऊ आमच्या पेटीत राहिले. कुणी कुणी संशोधक पुढे तो शोधायला आंबोलीला जायचे, आठ-आठ दिवस ओढ्यांत वाकून परत यायचे, आणि मला पत्र लिहायचे की सापडला नाही, नामशेष झाला असावा. मी उत्तर द्यायची की पुन्हा प्रयत्न करा.

आणि त्याचं नाव. ते सरांनी मला न विचारता ठेवलं, माझ्या मदतीची पोच म्हणून. साल्डुला शैलजाए. माझ्याच नावाला लॅटिन शेपूट. अशी नावं नियमानं बदलता येत नाहीत. लोकांनी पेढे मागितले आणि मी दिले.

निवृत्तीला एक महिना उरला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला एक बाई संग्रहाच्या दारात येऊन उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं.

"मॅडम हितंच बसतात काय?"

"मीच. या."

"मी शालन. भाऊसो आंबींची लेक." ती आत आली नाही, उंबऱ्याशीच थांबली. "बाबा गेलं. म्हैना झाला."

मला माहिती होतं. मी दिवसांना गेले नव्हते.

"एक काम हुतं," ती म्हणाली. "बाबा सांगायचं, तुझं नाव कॉलेजात काचंच्या पेटीत जपून ठेवलंय, दहा ठिकाणी. लांबलांबची शास्त्रज्ञ येऊन बगतात म्हणायचं. सासरी माझं काय बरं नव्हतं तवा लई येळा सांगायचं. मला वाटायचं, समजूत काढत्यात. जाताना बी म्हणालं, एकदा जाऊन बगून ये. म्हणून आले. दाखवता काय?"

तिला बाकीचं काहीच माहिती नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मुलाखतीचं नाही, लेबलांचं नाही, माझं नाही. तीस वर्षांत त्या माणसानं घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी पेटी काढली. सूक्ष्मदर्शक लावला, एक टाचणी चिमट्यात धरून उलटी केली आणि तिला डोळा लावायला सांगितलं. तिला आधी काही दिसेना. मी भिंग फिरवलं.

"आगं बाई," ती म्हणाली. "शालन. खरंच की."

ती पुष्कळ वेळ बघत राहिली. डोळा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग सरळ उभी राहिली आणि पेटीतल्या रांगांकडे, माझ्या मोहरीएवढ्या अक्षराकडे बघत तिनं विचारलं, "आन बाबांचं नाव कुठं लिव्हलंय?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. सदलगे सर जाऊन अकरा वर्षं झाली होती. ओगलेबाई त्याही आधी. माझी नोकरी संपत आली होती, कोणी माझं काही करू शकत नव्हतं. टेबलावर पेन होतं, कोरी लेबलं होती.

"लेबल फार बारीक असतं," मी म्हणाले. "सगळ्यांची नावं मावत नाहीत."

"असूंदे की," ती म्हणाली. "माझं हाय न्हवं, मग त्यांचंच झालं." तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "शेंगदाण्याच्या पोळ्या हाईत. आईची रीत. कॉलेजात जाताना मोकळ्या हातानं जाऊ नगंस म्हणायची."

ती गेल्यावर मी टाचणी सुलटी केली आणि पेटीत परत खोचली. पुरचुंडी अजून गरम होती.